बत्तिसाव्या नियमाची एकशे अठरा घरे

१९८८च्या जानेवारीपर्यंत म्हस्कू शिंगाडेने टेंभुर्णीत आणि आसपासच्या चार वस्त्यांवर मिळून एकशे अठरा घरांत विजेची फिटिंग केली होती. आकडा अंदाजाचा नाही. दोनशे पानी वहीत त्याने खांबांच्या क्रमाने प्रत्येक घर लिहून ठेवले होते: घर कोणाचे, पॉइंट किती, तार कुठून कुठे नेली.

या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी होती. दाराच्या वर, मीटरच्या खाली, लाकडी बोर्डावर चिनी मातीच्या दोन पांढऱ्या किटकॅट शेजारी शेजारी बसवलेल्या असत. किटकॅट म्हणजे फ्यूजचे घर. आत बारीक तार असते. भार जास्त झाला की ती वितळते आणि वीज तुटते. खांबावरून घरात दोन तारा येतात, एक वीज आणणारी फेज आणि दुसरी ती परत नेणारी न्यूट्रल. म्हस्कू दोन्हींवर एकेक किटकॅट बसवायचा. त्याच्या वस्तादाने तसे शिकवले होते, आणि वस्तादाला त्याच्या वस्तादाने.

गावात त्यांना जोडी म्हणत. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, पाभर यांच्याबरोबर बोर्डालाही हळदकुंकू लागे, दोन्ही किटकॅटना एकेक बोट. नवीन घरात वीज आली की घरातली सवाष्ण आधी जोडीला कुंकू लावी, मगच बटण दाबले जाई. एका किटकॅटचे बोर्ड गावात कोणी पाहिलेले नव्हते आणि पाहायची कोणाची इच्छाही नव्हती.

म्हस्कूचे घर मेंढपाळांचे. सातवीनंतर शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाबरोबर मेंढरांमागे गेला. १९८१ साली गावाच्या खालच्या आळीत विजेचे खांब उभे राहत होते तेव्हा तो तिथे तारेची भेंडोळी वाहायला लागला, आणि आठ दिवसांत बद्रीनाथ वस्तादाच्या नजरेत भरला. बद्रीनाथ हा टेंभुर्णीचाच शेतकरी; निजामाच्या काळातल्या एका जिनिंग कारखान्यात वायरिंग शिकून आलेल्या माणसाचा चेला. त्याने म्हस्कूला लाकडी पट्टी ठोकायला, तार ताणायला, जोड सोलून पिळायला शिकवले. काम बिनचूक, सरळ रेषेत. काम तसे का करायचे हे मात्र बद्रीनाथने सांगितले नाही. त्यालाही ते कोणी सांगितलेले नव्हते.

ते म्हस्कूला पुस्तकातून कळले. वायरमनच्या परवान्याची परीक्षा द्यायची म्हणून त्याने जालन्याहून मराठी गाइड आणले. त्यात लिहिले होते की दिव्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा आठशे वॅट, यातले जे आधी भरेल तिथे थांबावे. शेगडी, हिटरच्या सर्किटवर दोनच पॉइंट, तीन हजार वॅट. तारेची जाडी भारावरून ठरवावी, आणि फ्यूजची तार त्या तारेपेक्षा नेहमी दुबळी असावी, म्हणजे जळायचेच झाले तर आधी ती जळेल. हे शेवटचे वाक्य वाचून तो बराच वेळ गाइड मिटून बसला. एवढ्या मोठ्या घरात एक जागा कोणीतरी मुद्दाम सर्वांत कमजोर ठेवली आहे, आणि सगळे घर तिच्या कमजोरीवर उभे आहे. सात वर्षे तो ती जागा स्वतःच्या हाताने बसवत आला होता.

परीक्षा औरंगाबादला होती. लेखी झाली, तोंडी झाली. प्रात्यक्षिकाला एका पाटीवर दोन किटकॅट, एक बटण, एक होल्डर आणि पेटलेला बल्ब होता. परीक्षक वयस्कर होते. त्यांनी म्हस्कूच्या देखत उजवीकडची किटकॅट उपसली. बल्ब विझला.

"लाइट का गेली?"

"फ्यूज गेला, साहेब."

"बरोबर. आता होल्डरच्या तारेला हात लावशील?"

"लावीन ना. करंटच न्हाई."

म्हस्कूने हात पुढे केलाही. परीक्षकांनी त्याचे मनगट धरले आणि दुसऱ्या हाताने त्याला टेस्टर दिला. हा स्क्रूड्रायव्हरसारखा असतो, मुठीत छोटा निऑन दिवा. टोक जिवंत तारेला लागले आणि बोट मुठीच्या मागे असले की तो लाल होतो.

"आधी हे लाव."

होल्डरची एक तार लाल झाली. म्हस्कूने दुसऱ्या तारेला, परत जाणाऱ्या तारेला, टोक लावले. तीही लाल. त्याने बल्बकडे पाहिले. बल्ब विझलेला होता.

"मी न्यूट्रलचा फ्यूज काढला," परीक्षक म्हणाले. "परतीची वाट तोडली. येणारी वीज तशीच आहे. आधी एकाच तारेत होती, आता बल्बमधून उतरून दोन्ही तारांत उभी आहे. घरातला माणूस म्हणतो लाइट गेली, आणि हात घालतो."

पुढचा उमेदवार दारात येऊन उभा राहिला तरी म्हस्कू टेस्टर धरून तसाच होता. शेवटी परीक्षकांनी विचारले, तुमच्याकडे कसे करता?

"दोन्हीवर फ्यूज टाकतो, साहेब."

"किती घरं केलीस?"

"एकशे अठरा."

परीक्षकांनी त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ३२ हा आकडा लिहिला आणि म्हणाले, "नियमाचं पुस्तक मिळालं तर एवढा एक वाच. जा, पास आहेस."

मेंढरांचा हिशेब म्हस्कूला जन्मापासून ठाऊक होता, आणि हे त्याला त्याच भाषेत कळले. पुढे तो घराघरांत ते तसेच सांगायचा. कळप सकाळी एका वाटेने रानात जातो, दुसऱ्या वाटेने वाड्यावर, मेंढरांच्या मुक्कामाच्या जागी, येतो. येण्याच्या वाटेवर कोणी काट्याची झाप लावली तर मेंढरे मरत नाहीत, नाहीशीही होत नाहीत. ती रानभर उभी राहतात. वाड्यावरचा माणूस रिकामा वाडा बघून म्हणतो, आज मेंढरे नाहीत.

परतताना तो जालन्यात उतरला. ज्या ठेकेदाराच्या परवान्यावर त्याने कामे केली होती, त्याच्या कपाटात १९५६ सालचे वीज नियम होते, इंग्रजीत. म्हस्कूला इंग्रजी वाचता येत नव्हते. त्याने ३२ हा आकडा शोधला आणि त्याखालचा सगळा मजकूर वहीच्या मागच्या पानांवर उतरवला, अक्षर न् अक्षर, नक्षी काढावी तसा. दोन तास लागले.

टेंभुर्णीच्या शाळेतले अप्पाराव गुरुजी इंग्रजी शिकवत. त्यांनी ते पान दोनदा वाचले.

"तुझं अक्षर माझ्या पोरांपेक्षा बरं आहे," ते म्हणाले. "ऐक. जमिनीला जोडलेल्या तारेत, म्हणजे तुझ्या न्यूट्रलमध्ये, कटआउट घालू नये. कटआउट म्हणजे फ्यूजच ना?"

"हां."

"स्विचही घालू नये. दोन्ही तारा एकदम तोडणारा असेल तरच चालेल. मधे आणखी एक शब्द आहे, कडी, दुवा, असं काहीतरी. आणि पुढं म्हटलंय, घालू नये, आणि घातलेला असेल तर राहू देऊ नये."

"राहू देऊ नये, असं बी हाय?"

"आहे की. स्पष्ट आहे."

गाइडमध्ये फक्त 'घालू नये' एवढेच होते, तेही एका ओळीत, आणि परीक्षेआधी ती ओळ त्याच्या नजरेतून सुटली होती. म्हणजे गाइड वाचणाऱ्याने पुढच्या घरापासून सुधारले की झाले. मूळ नियम तिथे थांबत नव्हता. त्याने मागे वळून त्या एकशे अठरा घरांकडे पाहिले होते, ती बांधली जाण्याच्या कितीतरी आधी. म्हस्कूने गुरुजींना विचारले की हे लिहिणारा माणूस कधी खेड्यात राहिला असेल का. गुरुजी म्हणाले, कायदे एक माणूस लिहीत नसतो. म्हस्कूला ते पटले नाही. त्याच्या मते, कुठेतरी कोणीतरी अशाच घरात हात घालून मेला असणार आणि ते पाहणाऱ्याने हे लिहिले असणार.

त्या संध्याकाळी गावात दिवे लागले तेव्हा तो मारुतीच्या पारावर बसून घरे मोजत होता. कुठल्या घरात आधी जायला हवे, याला काही उत्तर नव्हते. फ्यूज कुठला आधी जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. एकशे अठरा घरांपैकी कुठल्याही घरात, कुठल्याही दिवशी, न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला आणि कोणी 'लाइट गेली' म्हणून तारेला हात घातला, तर त्या मरणाला म्हस्कू शिंगाडेचा हात लागलेला असणार होता. त्याला त्या माणसाच्या आधी पोचायचे होते. एवढेच काम होते, आणि ते एकशे अठरा वेळा करायचे होते.

तो आधी बद्रीनाथकडे गेला.

"परवाना आला न्हाई तर चुका काढायला लागला का रे?" बद्रीनाथ म्हणाला.

"वस्ताद, मी डोळ्यानं पाह्यलं. दोनी तारा लाल होत्या."

"आन् खांबावर लाइनमननं तारा उलट्या जोडल्या मंग? फेज न्यूट्रलच्या जागी आली मंग? तू एकच फ्यूज ठिवला, तो आला न्यूट्रलवर. फेज मोकळी. घर पेटंल तवा त्या साहेबाला बोलावतो का औरंगाबादहून?"

जोडीचे खरे कारण म्हस्कूला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. खांबावरच्या माणसाचा भरवसा नाही, म्हणून घरातल्या माणसाने दोन्ही वाटा अडवून ठेवल्या होत्या.

"बारा वर्सं करून राह्यलो," बद्रीनाथ म्हणाला. "माझ्या हातानं एक माणूस मेला न्हाई."

"मेला न्हाई तंवरच जायचंय, वस्ताद."

बद्रीनाथने तंबाखू मळून तोंडात टाकली आणि गोठ्याकडे निघून गेला.

म्हस्कूने पहिल्या खांबापासून सुरुवात केली. दुपारी जेवण झाले की घरातली माणसे सापडत, म्हणून तो तेव्हा जाई. टेस्टरने कुठली तार फेज ते पाही, न्यूट्रलवरची किटकॅट काढी आणि तार सरळ जोडून टाकी. काम अर्ध्या तासाचे. बोलणे दोन तासांचे.

चतुराबाईचे घर यादीत सहावे होते. ती शेतकरी घरातली, साठीची बाई, तिच्या शब्दाला आळीत वजन होते. तिने म्हस्कूला शिडीवर चढू दिले आणि मग शिडी धरून उभी राहिली.

"काय काढून राह्यला?"

"एक किटकॅट काढतो, काकू. धोका हाय."

"तूच लावली ना?"

"हां."

"मंग तवा चुकलाल्ता का आता चुकून राह्यला?"

"तवा."

एवढे सरळ उत्तर चतुराबाईला अपेक्षित नव्हते.

"पैशे किती?"

"फुकट."

"फुकट म्हंजी लईच चुकलाल्ता." तिने बोर्डाकडे पाहिले. दोन्ही किटकॅटवर गेल्या नवमीचे कुंकू सुकून काळे झाले होते. "ते काय बी असू दे. जोडी फोडू नको. माझा मालक आजारी हाय, अन् तू दारावरची जोडी फोडतो. बिलकुल न्हाई."

मेंढरांची गोष्ट सांगून झाली, टेस्टर दाखवून झाला. ती शिडी सोडीना. तेव्हा म्हस्कूने वाट काढली. न्यूट्रलची किटकॅट त्याने जागेवरच ठेवली, पण तिच्या आतली बारीक तार काढून जाड तांब्याचा तुकडा घट्ट बसवला. आता ती वितळणे शक्य नव्हते. बाहेरून जोडी जशीच्या तशी. चतुराबाईने शिडी सोडली. पुढच्या नऊ घरांत त्याने हेच केले, आणि नऊ घरांत कोणी एक शब्द बोलले नाही.

मग त्याला गुरुजींनी सोडून दिलेला मधला शब्द आठवला. तो वही घेऊन पुन्हा शाळेत गेला. गुरुजींनी शब्दकोश काढला. लिंक: जोडणारा, काढता घालता येणारा तुकडा. फ्यूज नको, स्विच नको, आणि लिंकही नको.

तांब्याचा तुकडा घातलेली किटकॅट म्हणजे नेमकी लिंक होती. वितळणार नाही खरे, पण कोणीही ती हाताने उपसू शकतो; आणि गावात लाइट गेली की माणूस पहिल्यांदा हेच करतो, किटकॅट उपसून आत बघतो. न्यूट्रलची उपसली की पुन्हा तेच, घरभर उभी वीज आणि विझलेला बल्ब. म्हस्कूने चतुराबाईला समजावण्यासाठी जी युक्ती काढली होती, ती त्याच्या आधी कोणीतरी काढलेली होती, आणि नियमाने ती ओळखून एका शब्दात बंद केली होती. शाळेच्या ओट्यावर बसून त्याने तो शब्द बोटाने पुन्हा पुन्हा गिरवला. ज्याला आपले गाव माहीत नाही, चतुराबाई माहीत नाही, तिच्या दारावरचे कुंकू माहीत नाही, त्याला आपण शिडीवर उभे राहून काय करणार हे कसे कळले, याचा त्याला अचंबा वाटत राहिला. तो गुरुजींना म्हणाला, "ह्यो माणूस माझ्या पुढं पुढं चालून राह्यला."

दहा घरांत तो परत गेला. या वेळी त्याने न्यूट्रलची तार बोर्डाच्या मागून सरळ नेली. पुढे जोडीतली दुसरी किटकॅट होती तिथेच राहिली, पण तिला कुठलीच तार जोडलेली नव्हती. ती उपसा, ठेवा, फोडा, विजेला तिचे काही देणेघेणे नव्हते.

"म्हंजी नुसती बसवून ठिवली?" चतुराबाईने विचारले.

"नुसती."

"आमच्या मालकावानी. काम न्हाई, पण घरात पायजेल." ओसरीवर खाटेवर पडलेल्या नवऱ्याने कूस बदलली. "ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

या रीतीला कोणी विरोध केला नाही. १९९०च्या उन्हाळ्यापर्यंत एकसष्ट घरे झाली.

त्या मे महिन्यात एक वावटळ आली. मारुतीच्या आळीकडे वळणाऱ्या खांबावरच्या दोन तारा तुटल्या आणि तासाभरात लाइनमनने त्या जोडून वीज सुरू केली. सगळे खूश झाले. वाऱ्यानंतर एखाद्या घरात टेस्टर लावून बघायचा, ही म्हस्कूने लावून घेतलेली सवय होती. दुसऱ्या दिवशी त्याने झुंबरबाईच्या घरी तो लावला. झुंबरबाई दारात डाळ निवडत होती. फ्यूज होता त्या तारेवर टेस्टर मुका राहिला. बोर्डाच्या मागून सरळ गेलेल्या तारेवर तो लाल झाला.

तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. बद्रीनाथने सांगितले होते तेच झाले होते. त्या आळीतल्या अकरा घरांत आता वीज बिनफ्यूजच्या वाटेने येत होती. म्हस्कू शिंगाडेने स्वतः मोकळी करून दिलेल्या वाटेने. ज्या घरांत तो गेलाच नव्हता, ती आज या अकरा घरांपेक्षा बरी होती.

"काय झालं रे बाबा? चेहरा कामून उतरला?" झुंबरबाईने विचारले.

"मावशी, आजच्या दिवस लाइट लावू नका. शेजारी बी सांगा."

"काल लाइट आली, आज लावू नका. तुमचं अन् लाइनमनचं एकदा ठरवा."

म्हस्कू थेट लाइनमनकडे गेला. लाइनमन आबाराव कडक माणूस होता, पण कामाचा. तो सायकलचे पंक्चर काढत बसला होता.

"आबाराव, कालच्या तारा उलट्या बसल्या."

"दोनी तारा सारख्याच दिसत्यात, म्हस्कू. वर चढल्यावर काय नाव लिवलेलं असतं का त्यांच्यावर?"

"तेच म्हणून राह्यलो. लिवा."

त्याने वही उघडली. बत्तिसाव्या नियमाचा पहिला भाग त्याने गुरुजींकडून ऐकला होता, पण तो आपल्यासाठी नाही म्हणून बाजूला ठेवला होता. त्यात म्हटले होते की न्यूट्रल तार ज्याच्या मालकीची, त्याने ती ओळखू यावी अशी कायमची खूण तिच्यावर केली पाहिजे, वीज द्यायला सुरुवात होते त्या जागी. म्हणजे खांबावर. फ्यूज काढण्याचा हुकूम दुसऱ्या भागात होता. म्हस्कूने दुसरा भाग आधी केला होता.

आबारावने इंग्रजी पानाकडे पाहिले, मग म्हस्कूकडे.

"हे माझ्यासाठी हाय?"

"तुमच्यासाठी आधी हाय. माझ्यासाठी नंतर."

आबाराव पंक्चर तसेच टाकून उठला. त्याच दुपारी वीज बंद करून त्याने आळीच्या तारा सरळ केल्या. खुणेवर मात्र दोघांचे बोलणे संध्याकाळपर्यंत चालले. आबाराव म्हणाला रंग लावू. म्हस्कू म्हणाला की गेरूने रंगवलेले मेंढरू पहिल्या पावसात कुणाचेही होते. कानाची खाच मरेपर्यंत राहते. शेवटी ठरले की प्रत्येक खांबावर, इन्सुलेटरच्या लगत, न्यूट्रलला ॲल्युमिनियमच्या जाड तारेचे तीन आवळ वेढे द्यायचे. चढणाऱ्याला ते डोळ्यांनीही कळतील आणि वीज बंद केल्यावर हातमोज्यातूनही. चौतीस खांब होते. वीज बंद करायची परवानगी मिळेल तशी ते काम दीड वर्ष चालले. तोपर्यंत म्हस्कूने एकाही नव्या घराला हात लावला नाही. उरलेल्या सत्तावन्न घरांतली जोडी तशीच राहिली, आणि रोज संध्याकाळी दिवे लागले की तो ती मनात मोजत असे.

बद्रीनाथला वावटळीचा सगळा प्रकार कळला होता. तो कधी 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. खांबांना वेढे पडल्यानंतरच्या त्याच्या नव्या बोर्डांवर मात्र दुसऱ्या किटकॅटला तार नसे. याविषयी त्याला कोणी विचारले तर तो विषय बदलत असे.

१९९३च्या एप्रिलमध्ये यादीत एकच घर उरले, वसंताचे. वसंता चार वर्षांपूर्वी जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात लागला होता आणि बायकोपोरांसह तिकडेच राहत होता. पत्र्याचे घर, पत्र्याचे दार, दारावर कुलूप. बोर्ड आत होता, मीटर तेवढे भिंतीच्या बाहेर होते आणि वीज चालू होती, कारण ती बंद करायला कोणी सांगितले नव्हते. किल्ली वसंताची आई बायनाबाई हिच्याकडे होती; ती आपल्या लेकीकडे आष्टीला राहत असे. म्हस्कूने दोनदा निरोप पाठवला. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वसंता पोरांना घेऊन गावी येणार होता, म्हणून बायनाबाई चार दिवस आधी घर झाडायला आली आणि तिने निरोप दिला, या.

सकाळचे दहा वाजले होते. बायनाबाईच्या एका हातात केरसुणी आणि दुसऱ्यात किल्ली होती. पायात काही नव्हते. दारापुढच्या जमिनीवर तिने नुकताच सडा टाकला होता.

"लई दिवसांनी आलास रे," ती म्हणाली. "हे एकच राह्यलं म्हणं?"

"हां मावशी. शेवटचं."

ती कुलपाकडे हात नेत होती. म्हस्कू तिच्या मागे चार पावलांवर होता. कुठल्याही घरात हाताच्या आधी टेस्टर, ही त्याची पाच वर्षांची रीत झाली होती, पण ती बोर्डापाशी. दारापाशी कधी नाही. पुढे विचारणाऱ्यांना त्याने सांगितले की त्याला काही दिसले नाही, ऐकू आले नाही, वासही आला नाही. चार वर्षे बंद घर, त्यात आपली तार, एवढेच मनात आले.

"मावशी, थांबा."

"काय?"

"हात मागं घ्या. ओल्यातून मागं या."

त्याच्या आवाजाने ती मागे आली. म्हस्कू कोरड्या दगडावर उभा राहिला आणि लांबून टेस्टरचे टोक त्याने कडीला लावले.

निऑन लाल झाला.

त्याने टोक उचलले, पत्र्याच्या दारावर लावले. लाल. दाराशेजारच्या पत्र्याच्या भिंतीवर लावले. तिथेही लाल. सगळे घर, बाहेरून गंजलेले, गप्प, उन्हात उभे, टेस्टरला आपण जिवंत असल्याचे सांगत होते. बायनाबाई त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. तिला त्याचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही.

आबारावला बोलावून खांबावरून तार सोडवली गेली. मग आत जाऊन म्हस्कूने काय झाले ते पाहिले. वर लाकडी पट्टीवर उंदरांनी दोन्ही तारांचे रबर बोटभर लांबीत खाल्ले होते. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या होत्या आणि त्यातली एक पत्र्याला. तारा टेकल्या त्या क्षणी फ्यूज उडाला होता. दोनांपैकी जो अंमळ बारीक, तो आधी उडतो. इथे न्यूट्रलचा उडाला होता. फेजचा शाबूत होता. फेजचा फ्यूज एकटाच असता तर त्याच क्षणी तो गेला असता आणि घर मेलेले राहिले असते. दोन होते म्हणून चुकीचा गेला, आणि वीज परतीची वाट न मिळाल्याने पत्र्यात येऊन थांबली. किती महिने, ते कोणालाच सांगता आले नाही. लाकडी मेढींवर, कोरड्या दगडी जोत्यावर पत्रा उभा होता. वीज जमिनीत उतरली नव्हती, मीटरही फिरले नव्हते. बंद दारामागे ती फक्त उभी होती.

आबाराव बोर्डाखाली उभा राहून वर बघत होता. "चार दिसांनी पोरं येणार होती," तो म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

म्हस्कूने नवी तार ओढली, न्यूट्रल सरळ नेली, फेजवर एक फ्यूज बसवला, पत्र्याला जमिनीत गाडलेल्या पाइपाशी जोडले. दुपारचे तीन वाजले. आबारावने खांबावर तीन वेढ्यांची तार हाताने चाचपली आणि जोड दिला. घरातला बल्ब लागला. म्हस्कूने वहीत एकशे अठराव्या घरापुढे रेघ मारली.

बायनाबाई अंगणाच्या कडेला लिंबाखाली बसून होती. सकाळपासून ती दाराकडे आली नव्हती.

"मावशी, झालं," म्हस्कू म्हणाला. "आता काय भ्या न्हाई."

"तू लाव आधी."

त्याने टेस्टर कडीला लावला. काही झाले नाही. दाराला लावला, भिंतीला लावला. मग त्याने टेस्टर खिशात ठेवला आणि उघडा तळवा पत्र्यावर टेकवून उभा राहिला.

बायनाबाई उठली. दारापर्यंत आली, थांबली, आणि त्याच्या हाताशेजारी आपला हात टेकवला. उन्हाने पत्रा तापला होता. तिने हात तसाच ठेवला. मग केरसुणी उचलून ती आत झाडायला गेली.